चेन्नईतील मराठी हस्तलिखिते, तंजावरचे मोडी दप्तर आणि संगणकीय अभ्यास

मराठी वाङ्मयाच्या आणि मराठ्यांच्या इतिहासाची काही पहिल्या प्रतीची साधने महाराष्ट्रात नसून कावेरीच्या खोऱ्यात आणि चेन्नई शहरात आहेत, ही गोष्ट अभ्यासकांना नवी नाही. कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे शिवकालीन संस्कृत काव्य सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ मध्ये मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले, ते तंजावरच्या सरस्वती महालातील पोथीच्या आधारे. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने झाला, या समजुतीस पहिला धक्का बसला तोही तंजावरच्या शाहजी राजाच्या (कारकीर्द १६८४ ते १७१२) नाटकांची बाडे पुढे आली तेव्हा. त्याचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे नाटक सतराव्या शतकाच्या अखेरीचे मानले जाते. म्हणजे एका ग्रंथालयातील काही पोथ्या उघडल्या गेल्या आणि एका वाङ्मयप्रकाराचा आरंभ दीडशे वर्षे मागे गेला. न उघडलेल्या पोथ्यांत व रुमालांत काय असेल, हा प्रश्न त्यामुळे केवळ कुतूहलाचा राहत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या प्रश्नाला नवे रूप आले आहे. हस्तलिखितांची छायाचित्रे घेणे, ती संगणकात साठविणे, त्यांतील मजकूर शोधता येईल अशा रीतीने उतरविणे आणि अशा मोठ्या मजकूरसंचयावरून भाषा, व्यक्ती, स्थळे व व्यवहार यांचे संबंध काढणे, या सर्व उद्योगास ‘अंकीय मानव्यविद्या’ अथवा ‘संगणकीय मानव्यविद्या’ असे म्हटले जाऊ लागले आहे. या विद्येची चर्चा बहुधा विद्यापीठातील विभाग आणि यंत्रे यांच्याभोवती फिरते. ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांचा उल्लेख तीत केवळ कच्चा माल पुरविणाऱ्या संस्था म्हणून येतो. चेन्नईतील मराठी सामग्रीचे उदाहरण घेतले तर ही समजूत किती अपुरी आहे हे दिसून येते.

या विद्येच्या इतिहासात रोबेर्तो बुसा या इटालियन जेज्विट पाद्र्याचे नाव आद्यस्थानी घेतात. त्याने १९४९ पासून संत थॉमस अक्वायनस याच्या ग्रंथांतील शब्दांची सूची यंत्राच्या साहाय्याने करावयास घेतली. त्याआधी चौदा वर्षे, १९३५ मध्ये, मद्रास विद्यापीठाने संस्कृत ग्रंथ व ग्रंथकार यांची एक सर्वसंग्राहक सूची हाती घेतली होती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. थिओडोर आउफ्रेश्ट याच्या १८९१ ते १९०३ या काळातील ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ची ही नवी आवृत्ती. देशोदेशींच्या हस्तलिखित-सूची गोळा करावयाच्या, प्रत्येक ग्रंथाची व ग्रंथकाराची चिठ्ठी करावयाची, एकाच ग्रंथाची भिन्न नावे एकत्र आणावयाची आणि एकाच नावाचे भिन्न ग्रंथकार वेगळे करावयाचे, असे ते काम होते. कुप्पुस्वामी शास्त्री, कुन्हन राजा आणि नंतर वे. राघवन यांनी ते चालविले. पहिला खंड १९४९ मध्ये निघाला आणि पुढील खंड अनेक दशके निघत राहिले. यंत्र नव्हते, पण पद्धत तीच होती. आज संगणकात ज्यास ‘नामनिश्चिती’ म्हणतात ते काम मद्रासमध्ये कागदी चिठ्ठ्यांवर झाले. मराठी हस्तलिखितांच्या नशिबी मात्र असा उद्योग आला नाही. पुणे, धुळे, मुंबई, नागपूर, तंजावर, चेन्नई आणि लंडन येथील मराठी पोथ्यांची एकत्र सूची आजही उपलब्ध नाही. पुढील विवेचनात जे प्रश्न येतील त्यांपैकी निम्मे या एका उणिवेतून उद्भवलेले आहेत.

चेन्नईत मराठी कागद आले कसे, हे प्रथम पाहिले पाहिजे, कारण कागद ज्या वाटेने आला त्या वाटेचा त्याच्या अर्थाशी संबंध असतो. यातील एक वाट कर्नल कॉलिन मॅकेंझी याची. भूमापनाच्या निमित्ताने दक्षिणेत फिरलेला आणि १८१५ मध्ये भारताचा पहिला सर्वेक्षक-प्रमुख झालेला हा स्कॉटिश अधिकारी स्वतः देशी भाषा जाणत नव्हता. त्याचा संग्रह उभा केला तो कावली वेंकट बोरय्या, त्याचा भाऊ लक्ष्मय्या आणि गावोगाव हिंडून कैफियती, वंशावळी व ताम्रपटांच्या नकला मिळविणाऱ्या नारायणराव यांच्यासारख्या सहायकांनी. १८२१ मध्ये मॅकेंझी वारला. त्याच्या विधवेकडून कंपनी सरकारने तो संग्रह विकत घेतला. होरेस हेमन विल्सन याने १८२८ मध्ये त्याची सूची छापली, तीत मराठी ग्रंथ व मराठी स्थानिक कागद यांचे स्वतंत्र भाग आहेत. संग्रहाचे तुकडे झाले. काही भाग लंडनला गेला, दक्षिणी भाषांतील बराचसा भाग मद्रासला परत आला. तेथे विल्यम टेलर या पाद्र्याने १८३० नंतरच्या दशकात शाई उडालेल्या व किडीने खाल्लेल्या कागदांच्या नव्या नकला करविल्या आणि पुढे १८५७ ते १८६२ या काळात सविस्तर सूची तीन खंडांत प्रसिद्ध केली. मॅकेंझी, जॉन लेडन आणि चार्ल्स फिलिप ब्राउन यांचे तीन संग्रह एकत्र करून १८६९ मध्ये शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालय उभे राहिले. ते दीर्घकाळ चेपॉक येथे विद्यापीठाच्या आवारात होते, आता कोट्टूरपुरम येथील अण्णा शताब्दी ग्रंथालयाच्या इमारतीत आहे.

टेलरच्या नकलांचा प्रसंग आजच्या वाचकाने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मूळ कागद नष्ट होण्याच्या भीतीने त्याची नवी प्रत करावयाची, ही आजच्या अंकीकरणामागील प्रेरणाच होय. पण नक्कल करताना लेखनिकाने काय वाचले, काय सोडले, कोठे अंदाज केला, हे नकलेवरून कळत नाही. छायाचित्राने हा दोष टळतो असे वाटते. तो पूर्णपणे टळत नाही. कागदाच्या पाठीवरचा मजकूर टिपला गेला नाही, रुमालातील कागदांचा क्रम बदलला, दोन कागद एकमेकांस टाचलेले होते हे नोंदले गेले नाही, तर छायाचित्र हीही एक अपुरी नक्कलच ठरते.

दुसरी वाट राज्यकारभाराची. व्यंकोजी (एकोजी) भोसले याने सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावर घेतले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीकडे तंजावरचा किल्ला व त्याभोवतीची जागा एवढेच उरले आणि मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. १८५५ मध्ये शिवाजी राजा निपुत्रिक वारल्यावर तेही संपले. कंपनीने राज्याबरोबर राजाची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली, तेव्हा राणी कामाक्षीबाई साहेब यांनी दावा लावला. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल झाला; परंतु प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये, हे राजसत्तेचे कृत्य असून त्यात न्यायालयास हात घालता येत नाही, असे ठरवून तो फिरविला. कायद्याच्या विद्यार्थ्यांस हा निकाल परिचित आहे. दप्तराच्या अभ्यासकाने तो वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावा. राज्याची मालमत्ता कोणती आणि घराची कोणती, हा वाद जेथे झाला तेथे कागदांचीही फाटाफूट होणे अपरिहार्य होते. महसुलाचे व रेसिडेंटाच्या पत्रव्यवहाराचे कागद मद्रास सरकारच्या दप्तरात शिरले. वाड्यातील जमाखर्च, देवस्थाने, छत्रे, औषधशाळा, नाटकशाळा यांचे मोडी कागद तंजावरात राहिले. सरकारी दप्तरासाठी १९०९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागात स्वतंत्र इमारत झाली. मद्रास रेकॉर्ड ऑफिस या नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९७३ पासून तमिळनाडू अभिलेखागार झाली. सरस्वती महाल १९१८ मध्ये सार्वजनिक न्यासाच्या स्वरूपात अभ्यासकांना खुला झाला. पुढे तंजावरच्या तमिळ विद्यापीठाकडेही मोडी दप्तराचा एक भाग आला. आज तंजावरकरांचे मोडी कागद सरस्वती महाल, तमिळ विद्यापीठ आणि चेन्नईचे अभिलेखागार अशा तीन ठिकाणी विभागलेले आहेत. सरस्वती महालाकडील रुमालांची संख्याच साडेआठशेच्या घरात सांगितली जाते.

मराठी ही या प्रदेशात केवळ राजघराण्याची भाषा नव्हती, हेही विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मद्रास इलाख्यातील कित्येक जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत देशस्थ कारकून हिशेब मराठीत ठेवीत. त्यामुळे तमिळ अथवा तेलुगू गावाचा महसूल, तेथील पाण्याचा तंटा किंवा देवळाचे उत्पन्न यांची नोंद मराठीत सापडते. असा कागद ‘मराठी साहित्या’च्या अभ्यासकाला आपला वाटत नाही आणि तमिळ समाजाच्या इतिहासकाराला वाचता येत नाही. दोघांच्या मध्ये तो पडून राहतो.

सूचीकाराची अडचण वाङ्मयीन पोथ्यांतही हीच आहे. शाहजीचे ‘पंचभाषाविलास’ हे नाटक संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत आहे. भाषावार सूचीत त्याची नोंद कोठे करावयाची? एका भाषेच्या खंडात ते गेले की उरलेल्या चार भाषांच्या अभ्यासकांना ते दिसेनासे होते. दुसऱ्या सरफोजीच्या काळातील ‘देवेंद्र कुरवंजी’ हे याहून मौजेचे उदाहरण. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री येऊन आपल्या देशाचे वर्णन करते. या मराठी कुरवंजीत ती पृथ्वीवरील खंडे, देश व नगरे सांगते, म्हणजे तमिळ नृत्यनाट्याच्या साच्यातून मराठीत नवा युरोपीय भूगोल शिकविला जातो. ही कृती मराठी नाटकांत धरावी, तमिळ प्रकारात धरावी की शालेय पुस्तकांत? सरफोजीच्या नवविद्याकलानिधी शाळेशी आणि तेथल्या देवनागरी छापखान्याशी तिचा संबंध लावला तरच तिचा अर्थ पुरा होतो. याच छापखान्यात १८०६ मध्ये इसापनीतीचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर छापले गेले.

छापील सूचीत एका ग्रंथास एकच जागा मिळते, ही कागदाची मर्यादा होती. संगणकीय सूचीत ती नाही. एकाच नोंदीस पाच भाषा, दोन लिप्या, एक नाट्यप्रकार आणि एक शाळा जोडता येते. पण ही जोडणी यंत्र करीत नाही. पोथी हातात घेऊन ती पाचही भाषांत ओळखणारा, निदान ओळखणाऱ्यास विचारणारा सूचीकार लागतो. जुनी भाषावार सूची जशीच्या तशी संगणकात चढविली तर जुनी मर्यादा नव्या यंत्रात कायम होते. पुष्कळ ठिकाणी नेमके हेच झाले आहे, आणि त्यास प्रगती म्हटले जाते.

मोडी दप्तराचा प्रश्न अधिक कठीण आहे. मोडीत इ-ई आणि उ-ऊ यांचा भेद बहुधा पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिले जात नाहीत, शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली बोरूने ओळ चालविली जाते आणि प्रत्येक लेखनिकाचे वळण निराळे असते. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतनात मोडीला २०१४ मध्ये स्थान मिळाले. ही मोठी सोय झाली. परंतु संकेत मिळाल्याने वाचक मिळत नाहीत. २०२५ मध्ये पुणे व रुरकी येथील संशोधकांनी दोन हजारांवर मोडी प्रतिमा व त्यांचे देवनागरी लिप्यंतर यांचा संच करून त्यावर यंत्राला मोडी वाचण्यास शिकविण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. त्यात शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे वर्गीकरण आहे. हे वर्गीकरण महाराष्ट्रातील दप्तरांसाठी रास्तच आहे. तंजावरची मोडी या तिन्ही घरांत सहज बसत नाही, कारण तिचा प्रवाह १६७६ च्या सुमारास मूळ प्रवाहापासून तुटून वेगळ्या भाषिक वातावरणात पावणेदोनशे वर्षे वाहिला.

अक्षरे बरोबर वाचली तरी अर्थ हाती येतोच असे नाही. ‘कलम’ हा शब्द घ्यावा. पुण्याच्या दप्तरात कलम म्हणजे तहाचे वा याद्यांतील परिच्छेद, त्यावरून कलमबंदी. कावेरीकाठी कलम हे भात मोजण्याचे तमिळ माप आहे. ‘वेली’ पाहून मराठी वाचकास बाग आठवेल. तंजावरात वेली हे जमिनीचे परिमाण आहे. ‘पण’ हे मराठीत उभयान्वयी अव्यय, तंजावरच्या जमाखर्चात ते पणम् नावाचे नाणे; ‘चक्र’ हेही नाणेच. पेशवे दप्तरावर शिकविलेले यंत्र अशा ओळी निर्दोष वाचील आणि त्यांचा अर्थ संपूर्ण चुकवील. अभ्यासक जेव्हा हजारो कागदांत एखादा शब्द किती वेळा आला याची गणना करू लागेल, तेव्हा ही चूक हजारपट होईल. म्हणून तंजावरच्या दप्तरापुरता एक मराठी-तमिळ व्यवहारकोश तयार होणे ही यंत्रवाचनाची पूर्वअट आहे. असा कोश करण्याची विद्या आज तंजावर आणि चेन्नई येथील मोजक्या मोडी-वाचकांपाशी आहे, आणि त्यांची संख्या वाढत नाही.

नावांचेही तेच. मराठी बखरींत व पत्रांत तंजावरास ‘चंदावर’ म्हणतात, जिंजीस ‘चंदी’, मद्रासला ‘चेनापट्टण’. इंग्रजी कागदांत ‘टँजोर’ आहे. तिरुवैयारू हे क्षेत्र जुन्या कागदांत ‘तिरुवाडी’ या रूपाने भेटते. राजाचे नाव शरभोजी, सरफोजी, सर्फोजी अशा तीन-चार प्रकारे लिहिले जाते. त्याच नावाचे दोन राजे झाले, शाहजी नावाचेही एकाहून अधिक. शहराचे नाव १९९६ मध्ये मद्रासचे चेन्नई झाले, तेव्हा नव्या सूचीत एक व जुन्या सूचीत दुसरे. ज्याला हे पर्याय ठाऊक नाहीत त्याच्या शोधास संगणक ‘नोंद नाही’ असे उत्तर देतो, आणि कागद असूनही नसल्यासारखा होतो. ग्रंथपालाने केलेली नामरूपांची प्रमाणसूची ही यासाठी किती मोलाची असते, हे शोध फसल्याखेरीज कळत नाही.

कालगणनेबद्दल थोडक्यात सांगावयाचे तर, मोडी कागदावर शक, संवत्सर, फसली आणि सुहूर असे निरनिराळे सन येतात. शकात ७८ वा ७९ मिळविले की इसवी सन मिळतो. सुहूर सनात ५९९ वा ६०० मिळवावे लागतात आणि तो अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला असतो. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७३, अर्थात १७७२-७३. दक्षिणेतील फसली सनात ५९० वा ५९१ मिळवितात, बंगालकडील फसलीचे अंतर निराळे. हे सर्व गणित यंत्र क्षणात करते, मात्र कोणता सन आहे हे आधी कोणी तरी सांगितले पाहिजे. नोंद करताना मूळचा सन गाळून केवळ इसवी सन लिहिण्याची सवय काही सूचीकारांत आढळते. ती घातक आहे, कारण रूपांतर चुकले तर तपासण्यास काहीच उरत नाही.

या दप्तरावर कामच झाले नाही असे मात्र नाही. तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये मोडी कागदांच्या तमिळ भाषांतराचे तीन खंड टिपांसह प्रसिद्ध केले. तमिळ समाजेतिहासाच्या अभ्यासकांना त्यामुळे मोठे भांडार खुले झाले. मराठी अभ्यासकांनी या खंडांची फारशी दखल घेतली नाही, ही गोष्ट मराठीस भूषणावह नाही. त्याबरोबरच एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. भाषांतरातून व्यवहार कळतो, भाषा कळत नाही. तंजावरी मराठीतील विभक्तिरूपे, तमिळ वाक्यरचनेचा परिणाम, उसने शब्द, यांसाठी मूळ मजकूर अक्षरशः उतरविलेला हवा. येथेही एक सावधगिरी आवश्यक आहे. मोडीतील एकाच ‘इ’चे देवनागरीत ऱ्हस्व करावे की दीर्घ, हे लिप्यंतर करणारा ठरवितो. त्याने आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे मुकाट्याने दुरुस्ती केली तर दाक्षिणात्य मराठीच्या उच्चाराचा पुरावा नाहीसा होतो. प्रतिमा, जसेच्या तसे लिप्यंतर आणि शोधासाठी प्रमाणित केलेला पाठ, असे तिन्ही थर एकमेकांशी बांधून ठेवणे संगणकात शक्य आहे. १९८७ पासून मजकूर-संकेतनाचे जे आंतरराष्ट्रीय नियम विकसित होत आले आहेत, त्यांत यासाठी पुरेशी तरतूद आहे.

निवड की संपूर्ण दप्तर, हा जुना वादही नव्याने पुढे येतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात निघाले. त्यांच्याशिवाय अठराव्या शतकाचा इतिहास लिहिणे अशक्य झाले असते. परंतु निवडीवर राजकारणाची छाप होती, आणि ती पुढील दोन पिढ्यांच्या प्रश्नांवरही पडली. तंजावरच्या दप्तरात राजकारण थोडे आणि घरगुती व सांस्कृतिक व्यवहार पुष्कळ. कोणत्या नर्तकीस किती बिदागी, कोणत्या छत्रात किती ब्राह्मण व किती इतर जेवले, कोणते पुस्तक विलायतेहून कितीस आणविले, अशा नोंदी एकेकट्या क्षुल्लक वाटतात. शेकड्यांनी एकत्र आल्या म्हणजे त्यांतून संगीत, नृत्य, अन्न व विद्या यांचा इतिहास उभा राहतो. सरफोजीने नेत्ररुग्णांवर केलेल्या उपचारांच्या नोंदींचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. सरस्वती महालातील या मोडी व इंग्रजी कागदांचा अभ्यास चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील वैद्यकांनी पुरातत्त्वज्ञ रा. नागस्वामी यांच्या सहकार्याने केला. राजकीय निवड करणाऱ्या संपादकाने हे कागद बहुधा बाजूला ठेवले असते. नेत्रवैद्यास ते मोलाचे वाटले, कारण प्रश्न त्याचा होता. संपूर्ण दप्तर उपलब्ध करण्याचे खरे कारण हेच की उद्याचा प्रश्नकर्ता कोण असेल हे आजच्या संपादकास ठाऊक नसते.

यासाठी ग्रंथालयाने काय करावे, याचा एक नमुना चेन्नईतच आहे. चेट्टिनाडमधील कोट्टैयूर येथील रोजा मुत्तय्या चेट्टियार यांनी जमविलेला तमिळ पुस्तके, नियतकालिके, नाटकांच्या जाहिराती आणि किरकोळ छापील कागद यांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर शिकागो विद्यापीठाने घेतला, पण तो परदेशी न नेता १९९४ मध्ये चेन्नईतच त्याचे संशोधन ग्रंथालय स्थापन केले. तेथे कामाचा क्रम महत्त्वाचा होता. आधी प्रत्येक वस्तूची प्रमाणित नोंद, मग जतन, मग सूक्ष्मपट, आणि नंतर अंकीय प्रत. आज त्या ग्रंथालयाच्या सामग्रीवर जे संशोधन होते त्याचे श्रेय यंत्रांइतकेच, किंबहुना अधिक, त्या नोंदींना आहे. तमिळ इंटरनेट शिक्षणपीठाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या तमिळ अंकीय ग्रंथालयासही अशा नोंदींचा आधार मिळाला. तमिळला राज्यभाषा म्हणून जे पाठबळ या शहरात आहे ते मराठीस असणार नाही, हे उघड आहे. म्हणून मराठी सामग्रीची जबाबदारी चेन्नईतील संस्थांवर टाकून महाराष्ट्राने मोकळे होणे योग्य नव्हे.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाने २००३ पासून देशभरच्या पोथ्यांची नोंदणी व अंकीकरण हाती घेतले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् अभियानाची घोषणा होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे उद्दिष्ट ठेवले गेले. संख्येचे उद्दिष्ट असले की छायाचित्रे भराभर होतात. ‘रुमाल ३१२, कागद १ ते ४००, भाषा मराठी, लिपी मोडी, विषय संकीर्ण’ अशा धर्तीची नोंद व चारशे प्रतिमा यांवर अंकीकरण पूर्ण झाले असे मानता येईल. संशोधनाच्या दृष्टीने ते सुरूही झालेले नसते. दुसरीकडे, पोथी या घटकासाठी आखलेला नोंदीचा तक्ता सुट्या कागदांना लागूच पडत नाही. पोथीला कर्ता, नाव, आरंभ व शेवट असतो. दप्तराच्या कागदाला लिहिणारा, पाठविणारा, ज्यास पाठविला तो, तारीख, शिक्का, खाते आणि शेजारचा कागद असतो. रुमालातील शेजार हा अर्थाचा भाग आहे हे अभिलेखपाल जाणतो, तर ग्रंथाची ओळख स्वतंत्र असते हे ग्रंथपाल. चेन्नई-तंजावरच्या मराठी सामग्रीस दोन्ही प्रकारची जाण एकत्र लागते, कारण तीत नाटकाची पोथी आणि त्या नाटकाच्या प्रयोगावरील खर्चाचा कागद दोन वेगळ्या संस्थांत असण्याचा संभव आहे. ते दोन्ही एकमेकांशेजारी वाचता येणे, ही गोष्ट प्रत्यक्ष कागद न हलविता केवळ संगणकाने साध्य होणारी आहे. आणि ती साध्य होण्यास दोन्ही संस्थांच्या नोंदींत शाहजीचे नाव एकाच रीतीने ओळखले गेलेले असावे लागते.

तीन संस्थांकडील रुमालांची एक समान यादी करणे हे त्यामुळे पहिले काम ठरते. त्यास फारसा खर्च नाही. रुमालाचा जुना क्रमांक, आजचा क्रमांक, वरील वेष्टनावरचा मजकूर, पहिल्या व शेवटच्या कागदाचा मूळ सन, खात्याचे नाव आणि तो कोणास वाचता आला त्याचे नाव एवढी माहिती प्रथम पुरेशी आहे. शेवटची बाब अनेकांना अनावश्यक वाटेल. पण लिप्यंतराचा विश्वास वाचणाऱ्यावर असतो आणि पुढील वाचकास मतभेद नोंदविण्यासाठी तेथे जागा ठेवावी लागते. मद्रास विद्यापीठाच्या चिठ्ठ्यांवरही आधार म्हणून घेतलेल्या सूचीची खूण असे.

छापील मराठी ग्रंथांच्या बाबतीत चेन्नईचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमान्वये भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यावयाची असते त्यांत कोलकाता, मुंबई व दिल्ली यांच्याबरोबर चेन्नईचे कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय आहे. १८९६ मध्ये उघडलेल्या या ग्रंथालयात पुणे-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके या तरतुदीने पोहोचावयास हवीत. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रे व नियतकालिकेही तीत आली. महाराष्ट्रात ज्या लहान प्रकाशकांची पुस्तके वा जिल्हापत्रांचे अंक आज कोठेच मिळत नाहीत, त्यांचा शोध एग्मोरच्या पँथियन रस्त्यावर घेण्याचे अद्याप फारसे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. अभिलेखागार तेथून हाकेच्या अंतरावर आहे.